जुन्या नावाची हाक

सांगलीत हळदीच्या पेठेत एका अडतदुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली हळदीची पोती, वर आम्ही आणि आमचे संगणक. खिडकी उघडली की पिवळी धूळ आत यायची, बंद ठेवली की घामाच्या धारा. कीबोर्डच्या फटींत कायम हळद. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणायचे, "शुभ असतं गं." मी म्हणायचे, "शुभ असेल हो, पण स्पेसबार अडकतो त्याचं काय करू?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माडीवर खिडकीला लागून दोन टेबलं होती, एक माझं आणि एक तिचं. आणखी दोन मुलं होती, पण ती दिवसभर गिऱ्हाइकांकडं दुरुस्तीला हिंडायची, त्यामुळं माडीवर राज्य आमचंच. ती वाळव्याकडची. वडील एसटीत कंडक्टर, शिक्षण कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. मीही तिथलीच, एकाच वर्गातली. तिचं नाव मात्र मी लिहिणार नाही. पुढचं सगळं रामायण त्या नावावरूनच झालं हे मलाही कळतं, पण ते नाव माझ्यापाशीच राहू दे.

साहेबांनी पुण्याहून एक मासिक आणलं होतं, त्याच्यासोबत एक सीडी आली होती. त्या सीडीवर परदेशातल्या काही मंडळींनी केलेला डेस्कटॉप होता. डेस्कटॉप म्हणजे संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसतं ते सगळं: चित्रं, खिडक्या, खालची पट्टी, घड्याळ. हा फुकट होता आणि त्याच्यासोबत त्याचा सोर्स कोडही होता, म्हणजे तो ज्या मजकुरातून तयार होतो तो मजकूर. साहेबांच्या डोक्यात आलं की हाच घ्यायचा, मराठी करायचा आणि दवाखाने, पतसंस्था, साखर कारखाने यांना द्यायचा. आम्ही त्या मंडळींना ईमेल केला. उत्तर आलं: खुशाल घ्या, बदला, विका. फक्त आमचं नाव आणि चिन्ह लावू नका, आणि ज्यांनी हे लिहिलंय त्यांची नावं पुसू नका.

त्यांचा रस्ता पुढं जायचा, आमचा इथून वेगळा फुटायचा. आम्ही त्याला फाटाच म्हणायचो. हायवेला कसे असतात, अमक्याचा फाटा, तमक्याचा फाटा. आता फाट्याला नाव पाहिजे. साहेबांनी काय करावं? गुरुजींकडं जाऊन अक्षर काढून आणलं! मी कपाळाला हात लावला. ती मात्र खूश. म्हणाली, "मग बारसंच करू या की."

आणि केलं. तिनं आपली ओढणी मॉनिटरवर टाकली, साहेबांनी पेढे आणले, आणि ती आत्या झाली. आमच्याकडं आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं असतं आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. मॉनिटरला कान कुठला? ती त्याच्या बाजूच्या जाळीपाशी वाकली आणि म्हणाली, "कुर्रर्र..." मी दोन्ही हातांनी सुरू झाले. "अगं ए, बुक्के मारतेस की कणीक तिंबतेस!" असं ओरडत तिनं ते नाव सांगितलं. खालचा हमाल वर येऊन बघून गेला, भांडण लागलं की काय म्हणून. इतकं हसणं नंतर मला फारसं मिळालं नाही.

नाव ठेवणं सोपं, बदलणं अवघड. ते परदेशी नाव त्या कोडात जागोजागी पेरलेलं. संगणकाला सांगितलं असतं की जिथं हे दिसेल तिथं ते लिही, तर एका झटक्यात झालं असतं. तिनं पहिल्याच दिवशी दम भरला, "सरसकट बदलशील तर बघ हं. आगं, हे नाव सगळीकडं एकाच कामाला न्हाई. माणसाला दिसतं तिथं बदल बिनधास्त. पण काही ठिकाणी मशीन त्या नावानं आपलं सामान शोधतं, तिथं विचार करून. आणि जिथं केलेल्या माणसांची नावं हायत, तिथं हात लावलास तर तोडीन." चिडली किंवा रंगात आली की तिची भाषा गावाकडं वळायची. एरवी कराडनं तिला चांगलं घोटून काढलं होतं.

मग आमची एक पद्धत बसली. मी माझ्या पडद्यावरून एकेक जागा मोठ्यानं वाचायची आणि तिनं तिकडून निकाल द्यायचा. "बदल." "बदल." "थांब." "राहू दे." तांदूळ निवडावेत तसं चालायचं दिवसभर. आमच्या घरी दिवे लागायच्या आत जेवायची रीत, जैनांच्यात असते तशी, त्यामुळं मी उन्हं कलली की निघायचे. ती बसस्टँडपर्यंत सोबत यायची आणि वाटेतही आम्ही तेच करायचो. दुकानांच्या पाट्या वाचायचो. "बदल." "बदल." "राहू दे, चांगलं हाय."

त्याच वेळी तिचं लग्न ठरलं. स्थळ सातारचं, मुलगा शिरवळला एका कारखान्यात इंजिनिअर. माणसं चांगली होती. नोकरीला आमची हरकत नाही, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. सातारहून सांगलीची नोकरी करायची कशी, हे मात्र कुणीच विचारलं नाही. ती मला म्हणाली, "दोन महिन्यांत काहीतरी जमवते. आठवड्यातनं तीन दिवस तरी येईनच. माझी खुर्ची कुणाला देऊ नको." मी म्हटलं, "बसून तर दाखवू दे कुणाला."

सासरी नाव बदलणार हे आम्हाला माहीतच होतं. नवरी घरी आली की ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. कोणतं नाव ठेवतील याचे आम्ही अंदाज बांधायचो. मी शोधून शोधून जुनाट नावं काढायची आणि ती खोडरबर फेकून मारायची. लग्न तिच्या गावी झालं. मी अक्षता टाकल्या, जेवले, गाडीपर्यंत पोचवायला गेले. तांदळाचं ताट सातारला वाढून ठेवलेलं, ते बघायला मी नव्हते.

सोमवारी मी माडीवर येऊन बसले. एक जागा मोठ्यानं वाचली आणि थांबले. तिकडून कुणी "बदल" म्हणेना. खरं सांगते, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की काय गेलंय. मी माझी पिशवी तिच्या खुर्चीवर ठेवली, म्हणजे दुरुस्तीवाली मुलं तिथं बूड टेकणार नाहीत. रोज यायचे आणि रोज पिशवी तिथंच ठेवायचे. दोन महिने झाले, तीन झाले. तिचं एक पत्र आलं, त्यात सातारच्या थंडीचं आणि कंदी पेढ्यांचं वर्णन होतं. येण्याबद्दल अक्षर नव्हतं.

मिरजेच्या एका दवाखान्यात आमचा डेस्कटॉप आधीपासून चाचणीला लावलेला होता, जुन्याच नावानं. साहेबांना घाई झाली. "किती दिवस नावं निवडत बसणार आहेस?" मी म्हटलं, "तिनं सांगितलंय तसंच करणार." एके दिवशी मी दुपारी घरी जेवायला गेले आणि या गृहस्थांनी माझ्या टेबलावर बसून एका झटक्यात जुन्याचं नवं करून टाकलं, सगळीकडं. वर ते मिरजेला बसवूनही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या मुलीचा फोन. रडकुंडीला आलेली. "मॅडम, माझं सगळं गेलं हो." मी मिरजेची सिटी बस पकडली. जाऊन बघते तर पडदा कोरा. म्हाताऱ्या डॉक्टरांना दिसावीत म्हणून त्या मुलीनं अक्षरं मोठी करून घेतली होती, ती बारीक झालेली. वॉर्डांची चित्रं तिनं तिच्या सोयीनं लावली होती, ती गायब. पडद्यावर मागं लावलेला गणपतीही गेला होता, आणि तिला तेच जास्त लागलं होतं.

गेलं काहीच नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या सोयीनं जे मांडून ठेवलेलं असतं ते एका फोल्डरमध्ये राहतं, आणि त्या फोल्डरला प्रोग्रामचंच नाव असतं. आता प्रोग्राम नव्या नावाचं फोल्डर शोधत होता. ते सापडलं नाही, म्हणून त्यानं सगळं कोरं धरलं. जुन्या नावाचं फोल्डर तिथंच शेजारी होतं, गणपतीसकट. मी ते उचलून नव्या जागी ठेवलं. मुलगी म्हणाली, "मग इतका वेळ दिसत का नव्हतं?" मी म्हटलं, "कारण त्या नावानं कुणी विचारलंच नाही."

माडीवर आले ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. साहेबांनी ऐकून घेतलं, त्यांना वाईटही वाटलं. पण मग त्यांनी दुसराच विषय काढला. पडद्यावर एका ठिकाणी टिचकी मारली की हा डेस्कटॉप कुणी केला त्यांची नावं यायची. तिथं परदेशी मंडळींच्या खाली आम्ही आमची दोघींची घातली होती, मराठीत. साहेब म्हणाले, "परदेशवाल्यांची राहू दे, तशी अटच आहे. खाली कंपनीचं नाव घाल, बास."

"आणि तिचं?"

"ती आता कुठं आहे कामाला?"

"अहो, निम्म्याहून जास्त तिनं केलंय! ज्यांचं तोंड बघितलं नाही त्यांची नावं ठेवायची आणि आपल्या पोरीचं काढायचं?"

साहेब जरा वरमले. मग म्हणाले, "बरं, ठेव. पण कोणतं? ते नाव तरी आता तिचं राहिलंय का?"

मी म्हटलं, "तिलाच विचारते." आणि ती परत येणार का, तेही विचारायचं मी मनाशी ठरवलं. फोल्डरची कायमची दुरुस्ती मला एकटीलाही जमली असती, पण सातारला जायला निमित्त पाहिजे होतं.

लग्नपत्रिकेवर सातारचा नंबर होता. फोन एका वयस्कर बाईंनी उचलला. मी तिचं नाव घेतलं, "आहे का?" म्हटलं.

"कोन पायजे?"

मी परत नाव घेतलं.

"त्या नावाचं हितं कुणी न्हाई."

"अहो, तुमची सून."

"मग असं म्हना की. आमच्या सुनंचं नाव हे न्हाई." आणि त्यांनी नवं नाव सांगितलं. चांगलं होतं नाव, खोटं कशाला बोलू? पण माझ्या तोंडून ते निघेना. मी "त्यांना द्या" एवढंच म्हणाले. ती आली, दोन वाक्यं बोलली, आणि म्हणाली, "ये ना गं." तिच्या आवाजात इतकं काही होतं की मी दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरली. वाटेत कराडला गाडी थांबली, तिथला चहा मी प्यायले नाही. तो आम्ही दोघींत एक घ्यायचो.

सातारच्या घरात सासूबाई ओसरीवर घेवडा निवडत बसल्या होत्या. ठसठशीत बाई. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तूच व्हय ती फोनवाली? ये, बस. तू जैनाची ना? तुला कांदा चालायचा न्हाई." आणि आत हाक मारली, त्या नव्या नावानं. "हिच्यापुरतं बिनकांद्याचं पिठलं टाक गं." माझा राग कुठं ठेवावा मला कळेना. कुणी असं वागलं की भांडताही येत नाही.

ती बाहेर आली. साडी, मंगळसूत्र, हातात पिठाचा चमचा. हाकेला आली ती बरोबर, पण एक क्षण उशिरा. आवाज कानावर पडतो, मग तो आपल्यासाठी आहे हे उमगतं, एवढा तो क्षण. त्या घरात कुणाच्या लक्षात आला नसेल. माझ्या आला.

जेवण झाल्यावर मी मिरजेचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती बदलली. मांडी घालून बसली, पदर खोचला, फरशीवर बोटानं रेघा ओढायला लागली. "म्हंजे साहेबानं झटक्यात सगळं बदललं? आरं देवा! आता ऐक. आधी नव्या नावाचं फोल्डर बघायचं. ते नसलं तर लगेच कोरं धरायचं न्हाई, जुन्या नावानं एकदा शोधायचं. सापडलं तर त्यातलं सगळं घेऊन यायचं, आणि जुनं पुसायचं न्हाई, असू द्यायचं." मी म्हटलं, "किती दिवस?" म्हणाली, "कायम. कोण कवा जुन्या मशीनवरनं येईल, काय सांगावं?" सासूबाई निवडता निवडता थांबून तिच्याकडं बघत होत्या. त्यांनी ही बाई आधी कधी बघितलेलीच नव्हती.

मग मी नावाचं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "कुठं लिवायचं नाव?"

"मिरजेच्या दवाखान्यात आमचा डेस्कटॉप लावलाय ना काकू, त्याच्यावर. ज्यांनी केलाय त्यांची नावं दिसतात."

"मग आमच्याकडचं लिव. दहा मान्सं बघनार, घरचं नाव पायजे."

ती खाली बघून म्हणाली, "नवंच लिही."

मला राहवलं नाही. "काकू, तुमचंही बदललं होतं का हो?"

"तर! सगळ्यांचंच बदलतंय." त्यांनी घेवड्याची एक शेंग मोडली. "म्हायेरच्या नावानं भाऊ तेवढा बोलवायचा. ढांगा टाकत यायचा, लांबनंच हाक मारायचा. तो गेला. आता त्या नावानं हाक मारनारं कुणी न्हाई." आणि पुढची शेंग घेतली. तक्रार म्हणून सांगितलंच नव्हतं त्यांनी, आज बाजार आहे म्हणावं तसं सांगितलं.

स्टँडवर ती मला सोडायला आली. मी म्हटलं, "खुर्चीवर रोज पिशवी ठेवते मी. कधी येतेस?" ती बराच वेळ गाड्यांच्या पाट्या वाचत राहिली. मग म्हणाली, "न्हाई जमायचं गं. इथं कुणी अडवत न्हाई, पण पाठवतही न्हाई." मी तिचा हात धरला. हाताला पिठल्याचा वास येत होता. म्हणाली, "सगळे चांगले हायत, आईंचा तर जीव हाय माझ्यावर. पण दिवसभर कुणी त्या नावानं बोलवत न्हाई ना, मग मलाच वाटतं, ती पोरगी गेली कुठं?"

सांगलीची गाडी लागली. मी पायरीवर चढून विचारलं, "खरं सांग, कोणतं लिहू?"

ती म्हणाली, "ज्या पोरीनं केलंय, तिचंच लिही." आणि गाडी हलल्यावर खिडकीखालनं धावत आली, "एकदा हाक मार की गं!"

मी मारली. खिडकीतून डोकं बाहेर काढून, घसा फाटेस्तोवर. अख्खा स्टँड वळून बघायला लागला. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, कुणी राहिलंय का मागं?" मी म्हटलं, "हो." त्यानं घंटी मारायला दोरीला हात घातला, तेव्हा मी घाईघाईनं सांगितलं, "नाही नाही, जाऊ द्या." आणि कराड येईपर्यंत रडले.

सगळं तिनं सांगितलं तसं केलं. आधी नव्या नावानं शोध, नाही सापडलं तर जुन्या नावानं. केलेल्यांच्या नावांत तिचं जुनं नाव मराठीत, माझ्या वर. डेस्कटॉप मिरजेत बसला, तिथल्या रिसेप्शनच्या मुलीला मी ते नाव दाखवून सांगितलं की गेलेलं परत सापडतं ते हिच्यामुळं, आणि पुढं तो कराडच्या एका पतसंस्थेतही बसला. मग तिच्या नवऱ्याला कंपनीनं मस्कतला पाठवलं, तीही गेली. जाण्याआधी फोन आला होता. "तिथं ईमेल असतो म्हणं," म्हणाली. मी खुर्चीवरची पिशवी काढली आणि खाली ठेवली. नवीन मुलगी कामाला येणार होती, तिला मी कोपऱ्यात वेगळं टेबल लावून दिलं. पिशवी नसली तरी त्या खुर्चीवर कुणाला बसू देणं माझ्याच्यानं झालं नाही.

नंतर कधीतरी, दुपारची वेळ होती. जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात सासूबाई! एका डोळ्यावर हिरवी पट्टी, बरोबर भाचा. मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्या होत्या, आमच्याच त्या दवाखान्यातून. मी उठायच्या आत त्या समोर दिसलेल्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. तिच्या खुर्चीत.

"दवाखान्यातल्या पोरीला म्हनलं," त्या सांगायला लागल्या, "माझ्या सुनंनं केलंय ते दाव. तिनं दावलं. ह्या डोळ्यानं वाचलं मी, दिसतंय की अजून. आमच्या घरचं नाव तिथं न्हाई."

मी मान खाली घातली. मीच तर लिहिलं होतं.

"दुसरंच हाय. मी त्या पोरीला इचारलं, ही कोन? ती म्हनली, आजी, ही लय हुशार बाई हाय, हिनं आमचं सगळं केलंय, एकदा गेलेलं सगळं परत आनलंय. समदा दवाखाना तिला त्या नावानं ओळखतोय." सासूबाई थांबल्या. चांगल्या डोळ्याला त्यांनी पदर लावला. "आमच्या घरात ती एवढे दिस होती. आमी न्हाई ओळखलं."

भाचा खिडकीतून खालची पोती बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "तिला पत्र पोचतं म्हनं हितनं. लिव."

मी ईमेल उघडला. मस्कतच्या मशीनवर आपली अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी लिपीत लिहावं लागायचं. "काय म्हणून सुरुवात करू काकू?"

त्यांनी ते नाव घेतलं. तिचं, आधीचं. मोठ्यानं, शेतातून कुणाला बोलवावं तसं. मी ऐकलं आणि लिहिलं. पुढं बोटं ठेवून वाट बघत राहिले.

"पुढं काय लिहू?"

"पुढं काय न्हाई. एवढंच धाड." त्या खुर्चीतून उठल्या. "हाक मारलीया म्हनावं."

मी तेवढंच पाठवलं. त्याच्याखाली त्यांचंही नाव घातलं नाही, माझंही नाही. मस्कतहून उत्तर यायला चार-पाच दिवस लागले. मी रोज सकाळी येऊन आधी तेच बघायचे. आलं तेव्हा तेही एवढंसंच होतं. वाचून मी सातारचा तोच नंबर फिरवला. फोन त्यांनीच उचलला.

"काकू, उत्तर आलंय."

"काय म्हनती?"

"ओ, आई. असं लिहिलंय. ओ दिलीय तिनं."

"परत वाच," त्या म्हणाल्या, आणि मी परत वाचलं.